पत्ता, पॅन आणि पत

मराठीत ‘पत’ या एका शब्दात दोन गोष्टी राहतात. बँकेत, पतसंस्थेत, पतपेढीत आपल्याला किती उधार मिळू शकेल ती पत. आणि गावात, भावकीत, बाजारपेठेत आपल्या शब्दाला जी किंमत असते तीही पतच. ‘त्याची पत गेली’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा ‘कुठली?’ असं विचारत नाही. एक गेली की दुसरी तिच्या मागोमाग जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हल्ली या शब्दाचा आकडा झालाय. ३०० ते ९०० च्या मधला. त्याचं नाव क्रेडिट स्कोअर, पण आपण त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, मग तो कुठल्याही कंपनीने दिलेला असो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापूरला नवऱ्या मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून लग्न मोडल्याची बातमी सगळीकडे फिरली, तेव्हा ऑफिसात सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याच्या सहाच महिने आधी हा आकडा आमच्या घरात येऊन गेला होता.

माझे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. कऱ्हाड आगार, ३१ वर्षं. २०२१ साली निवृत्त झाले. कुणाकडून हातउसने घेतले तर पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी ते परत करून येणारा माणूस. घर बांधताना काढलेलं कर्ज त्यांनी मुदतीच्या दीड वर्ष आधी फेडलं आणि मिळालेला बेबाकी दाखला लॅमिनेट करून ठेवला. आमच्याकडे माझी पदवीसुद्धा लॅमिनेट केलेली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये धाकट्या बहिणीला पुण्यात एमबीएला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी आप्पा सहकर्जदार म्हणून सही करायला बँकेत गेले, मी सोबत होतो. अधिकाऱ्याने स्क्रीनकडे बघत, आवाज जरा खाली आणून सांगितलं, “काका, तुमचं सिबिल खराब आहे. एक कर्ज थकलंय.”

आप्पा म्हणाले, “दुसऱ्या कुणाचं असेल. माझ्या नावाचे तीन जण आहेत तालुक्यात.”

“पॅन तुमचंच आहे, काका.”

अधिकारी भला माणूस होता. त्याने लगेच मार्गही सुचवला: वडिलांचं नाव काढा, मुलाला सहकर्जदार करा, आठ दिवसांत काम होईल. माझा पगार, माझा आकडा, सगळं जागेवर होतं. आईला पटलं, बहिणीला पटलं, मलाही पटलं. आप्पांना पटलं नाही. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, “मी बाजूला झालो म्हणजे ते कर्ज माझंच होतं, असं झालं.”

फीच्या पहिल्या हप्त्याची मुदत जवळ आली होती. मी देतो म्हटलं तर त्यालाही नकार. शेवटी आईने काही न बोलता कपाटातून पाटल्या काढल्या. सोनं तारण ठेवलं की सिबिलची फारशी चौकशी होत नाही.

*

आपला पूर्ण क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. देशात अशा चार कंपन्या आहेत (ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क) आणि चौघींनीही तो द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. मी आप्पांचे चारही रिपोर्ट काढले. चारहींत तेच कर्ज होतं.

मार्च २०२१. वैयक्तिक कर्ज, २४,००० रुपये, एका ॲपवरून. देणारी एक बिगरबँक वित्तसंस्था, जिचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. नाव, जन्मतारीख आणि पॅन आप्पांचं. मोबाइल नंबर कुणा तिसऱ्याचाच. पत्ते दोन: एक आमचा आणि एक अशा शहरातला, जिथे आप्पा आयुष्यात गेलेले नाहीत. दोन हप्ते भरलेले, नंतर काही नाही. व्याज आणि दंड धरून थकबाकी ४१,३०० रुपये.

आप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “दोन हप्ते भरले त्याने?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “म्हणजे नियत होती थोडी,” असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

साडेतीन वर्षं हे कर्ज त्यांच्या नावावर होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. लागणार तरी कसा? ओटीपी त्या दुसऱ्या नंबरवर गेले, हप्त्याची आठवण तिथेच गेली, वसुलीचे फोनही तिथेच. आपल्या नावाचा एक माणूस कुठेतरी वेगळ्या नंबरवर जगत होता, कर्ज काढत होता, बुडवत होता. पैशाची चोरी झाली की खातं रिकामं दिसतं. ओळखीची चोरी झाली तर घरातली एकही वस्तू हललेली नसते.

हे एकट्या आप्पांचं नाही. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव यानेही जाहीर तक्रार केली होती की आपलं पॅन वापरून कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलंय आणि आपला स्कोअर घसरलाय. अडीच हजार! त्याच्या नावाने सिनेमाला कोट्यवधी मिळतील, पण पॅन टाकणाऱ्याला अडीच हजार पुरले होते. ज्या यंत्रणेने ते दिले तिने त्याचा चेहराही ओळखला नाही.

*

ही वाट किती सोपी आहे, ते सांगायला मला माझी नोकरी उपयोगी पडते.

पॅनची दहा अक्षरं असतात. पहिली पाच इंग्रजी अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर. चौथं अक्षर ‘पी’ असेल तर तो माणूस, कंपनी किंवा ट्रस्ट नव्हे. पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. आधारचे बारा अंक. पहिला अंक कधीच शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्यासाठी वापरलेली पद्धत व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची आहे. टाइप करताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती पकडते. सुंदर गणित आहे. पण ते एवढंच सांगतं की आकडा नीट टाइप झालाय. टाइप कोण करतंय, हे त्याला माहीत नसतं.

आधारची पीडीएफ डाउनलोड केली तर तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. म्हणजे कार्डावर जे छापलंय तेच कार्डाचं कुलूप. आपण सायबर कॅफेत ती पीडीएफ उघडतो, प्रिंट काढतो आणि फाइल तशीच ‘डाउनलोड्स’मध्ये सोडून उठतो. पुढच्या गिऱ्हाइकाला फार डोकं चालवावं लागत नाही.

मूळ गोंधळ असा आहे की आपण नावाला किल्ली समजून बसलोय. प्रत्येक यंत्रणेत दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, मी कोण हे सांगणारी खूण. ती चार लोकांना माहीत असली तरी चालते, असावीच लागते. दुसरी, मीच तो हे सिद्ध करणारी गोष्ट. ती फक्त माझ्याकडे असली पाहिजे. यूजरनेम आणि पासवर्ड. आधार, पॅन, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव ही सगळी पहिल्या प्रकारातली माहिती आहे, आणि तिला दुसऱ्या प्रकारचं काम लावलंय. दारावरच्या पाटीनेच दार उघडायचं ठरवल्यासारखं.

अमेरिकेने हा गोंधळ आपल्या कितीतरी आधी घालून ठेवलाय. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीने, सोशल सिक्युरिटीचं कार्ड आपल्या पाकिटात कसं छान बसतं हे दाखवायला, प्रत्येक पाकिटात एक नमुना कार्ड घातलं. त्यावर नंबर छापला तो कंपनीतल्या एका सेक्रेटरी बाईंचा, अगदी खरा. पाकिटं देशभर विकली गेली. अनेकांना वाटलं, पाकिटात आलाय तर हाच आपला नंबर. १९४३ मध्ये तो एकाच वेळी ५,७५५ जण वापरत होते. बाईंना शेवटी नवा नंबर घ्यावा लागला. पुढे १९४६ पासून त्या कार्डावर ‘हे ओळखीसाठी नाही’ अशी ओळ छापायला लागले. १९७२ मध्ये ती ओळ काढून टाकली, कारण तोवर सगळा देश ते ओळखीसाठीच वापरत होता.

आपल्याकडे पाकीटवाल्याचं काम झेरॉक्सवाला करतो.

*

कर्ज देणाऱ्या संस्थेकडे मी सगळी कागदपत्रं मागितली. तीन स्मरणपत्रांनंतर एक फाइल आली. त्यात आप्पांच्या आधारची स्कॅन केलेली प्रत होती. डाव्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची दोन भोकं आणि वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ, झेरॉक्स मशीनचा ड्रम खराब झाला की पडते तशी. म्हणजे कुठूनही हॅक वगैरे झालं नव्हतं. कुठल्यातरी अर्जाला टाचलेली एक झेरॉक्स निघाली होती आणि कुणीतरी तिचा फोटो काढला होता.

प्रतीवरचा पत्ता नव्या घराचा होता. तो आप्पांनी २०१९ च्या सुरुवातीला बदलून घेतला होता. म्हणजे झेरॉक्स २०१९ ते मार्च २०२१ या काळातली. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही यादी करायला बसलो. गॅस एजन्सी. नवं सिमकार्ड. निवृत्तीच्या कागदपत्रांचे तीन संच. पंढरपूरचा लॉज, अक्कलकोटचा लॉज. बहिणीच्या कॉलेजचा स्कॉलरशिपचा फॉर्म. चुलतभावाच्या लग्नाचं कार्यालय, कारण बुकिंग आप्पांच्या नावाने. आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटल. मेडिक्लेमवाला एजंट. मोटरसायकलचा विमा. पीक विमा. गावातली भिशी. हप्त्यावर फ्रिज देणारं दुकान. एका योजनेचा फॉर्म भरून देतो म्हणून दारात आलेला मुलगा, ज्याची योजना पुढे कधी आलीच नाही.

चौदा नावं झाली. त्यातली अकरा अशी होती, जिथे झेरॉक्स मागायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. कार्ड बघून परत दिलं असतं तरी भागलं असतं. आप्पांना त्यातल्या एकाही माणसावर संशय घेववेना. आणि माणसाचा दोष असेलच असंही नाही. ऑफिस बदलताना फायली रद्दीत जातात. रद्दीच्या पिशव्या होतात. कुणाच्या तरी अर्जाच्या प्रतीत बांधलेली भजी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत.

यादीकडे बघत आप्पा म्हणाले, “आमच्याकडे असं चालत नव्हतं.” त्यांना तिकिटं आठवली. मशीन येण्याआधी कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे असायचा. प्रत्येक तिकिटाला नंबर. ड्युटीवर चढताना कुठल्या नंबरपासून, उतरताना कुठल्या नंबरपर्यंत, सगळं वे-बिलावर. एक तिकीट कमी भरलं तर त्याचे पैसे कंडक्टरच्या खिशातून. आणि चिमट्याने पंच केल्याशिवाय तिकीट प्रवाशाच्या हातात द्यायचं नाही, कारण पंच केलेल्या तिकिटावर दुसरा प्रवास होत नाही. “पाच रुपयांच्या कागदाला एवढा हिशोब होता,” ते म्हणाले. “आणि ह्याला काहीच नाही?”

मी दहा वर्षं कॉम्प्युटरचं शिकतोय आणि त्यावर काम करतोय. माहितीच्या सुरक्षेवर इतका नेमका प्रश्न मला एकाही मीटिंगमध्ये ऐकू आलेला नाही.

*

त्यानंतरचे दीड महिने फॉर्म, ईमेल आणि पोचपावत्यांचे होते.

एका पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “पैसे किती गेले?” मी म्हटलं, काहीच नाही. “मग तक्रार कशाची?” दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कलम सांगितल्यावर त्यांनी अर्ज घेतला, आप्पांना बसायला खुर्चीही दिली. पण तो पहिला प्रश्न आप्पांना लागला. त्यांच्या लेखी जे गेलं होतं ते मोजायला तिथे रकाना नव्हता.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. चारही क्रेडिट कंपन्यांकडे वाद दाखल केला. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. तिथून उत्तर आलं ते असं: १५,००० रुपये भरा, आम्ही खातं बंद करतो.

मित्रांनी सांगितलं, भरून टाक, डोक्याचा ताप जाईल. हा सापळा नीट समजून घेण्यासारखा आहे. असे पैसे भरले की रिपोर्टमध्ये ते कर्ज ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं. म्हणजे कर्ज तुमचंच होतं, तुम्ही पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली. नोंद जात नाही, फक्त तिचा रंग बदलतो, आणि पुढची बँक त्या रंगाकडेही संशयानेच बघते. आप्पांचं कारण याहून साधं होतं. “जे घेतलं नाही ते फेडायचं नाही.”

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने एक चांगलं काम केलंय. क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला १०० रुपये द्यायचे. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. मी प्रत्येक ईमेलमध्ये हा नियम लिहीत गेलो, आणि दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हेही.

४७ व्या दिवशी नोंद निघाली. आठवडाभरात आप्पांच्या खात्यात १,७०० रुपये आले. १७ दिवसांचे. त्यांनी मेसेज दोनदा वाचला आणि विचारलं, “हे त्यांनी आपल्याला दिले? म्हणजे ते आपलं देणं लागत होते?”

ऑक्टोबरमध्ये बहिणीचं कर्ज मंजूर झालं, आप्पांच्या सहीने. पाटल्या दिवाळीच्या आधी घरी आल्या.

*

हे सगळं जमलं ते घरात एक ‘कॉम्प्युटरवाला’ होता म्हणून. मला इंग्रजीत ईमेल लिहिता येतं, परिपत्रक शोधता येतं, कस्टमर केअरच्या फोनवर चाळीस मिनिटं थांबायला माझ्याकडे हेडफोन आणि सवड आहे. आमच्या गल्लीत अशी किती घरं आहेत जिथे हे कुणालाच जमणार नाही? आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांची ओळख तर त्यांच्या बोटांवर आहे. आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात. बँकेची शाखा नसलेल्या गावात ती मोठी सोय आहे. पण २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ठेवलेल्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. जमिनीचा व्यवहार चोख व्हावा म्हणून घेतलेला अंगठा होता तो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही, आणि अंगठ्याबद्दल तर बोलायलाच नको.

सरकारलाही हे कळत नाही असं नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, एवढंच सांगण्यात आलं. इथे ‘नेहमीची’ या शब्दाशी अडतं. आपली नेहमीची सवय तर मागितली की देणं ही आहे.

मागणाऱ्यांचीही एक सवय असते आणि ती मी रोज आतून बघतो. सॉफ्टवेअरमध्ये फॉर्मला एक रकाना वाढवणं हे अर्ध्या तासाचं काम असतं. कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणतं, “जन्मतारीख पण घेऊन ठेवू, पुढे लागेल.” ‘पुढे लागेल’ हे आमच्या धंद्यातले दोन सगळ्यात महाग शब्द आहेत. कारण माहिती पुसण्याचं काम कुणाच्याच यादीत नसतं. ती बॅकअपमध्ये जाते, टेस्टिंगसाठी कॉपी होते, एक्सेलमध्ये उतरून कुणाच्या तरी ईमेलला जोडली जाते. एकदा घेतलेली माहिती नाहीशी करणं हे घेण्याच्या शंभरपट अवघड आहे. जी घेतलीच नाही ती मात्र कधीच फुटत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हेच तत्त्व आहे: ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा, काम संपलं की पुसा, फुटली तर संबंधित माणसाला कळवा. दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. पण त्याच्या नावातच ‘डिजिटल’ आहे. जी माहिती कागदावर घेतली आणि कागदावरच राहिली, ती त्याच्या कक्षेत येत नाही. लॉजच्या ड्रॉवरमधली झेरॉक्स, भिशीवाल्याच्या फायलीतली झेरॉक्स, रद्दीतली झेरॉक्स कायद्याच्या बाहेर. तिच्यासाठी आपणच आहोत.

म्हणून आता आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. मागितलं की आधी मास्क्ड आधार. शक्य असेल तिथे आधारऐवजी दुसरं ओळखपत्र. आप्पा-आईचं आधार बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. अंगठा लागणार असेल तेव्हा ॲपवरून थोड्या वेळापुरतं उघडायचं. क्रेडिट रिपोर्ट चार कंपन्यांकडून चार वेगळ्या महिन्यांत काढायचा, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक फुकट तपासणी होते. ‘संचार साथी’वर आपल्या नावाने किती सिमकार्डं आहेत ते सहा महिन्यांतून एकदा बघायचं. १९३० हा नंबर आईच्याही फोनमध्ये आहे, कारण खात्यातून पैसे गेले तर पहिला तासच महत्त्वाचा असतो आणि त्या तासात मी मीटिंगमध्ये असू शकतो. आणि कुठलंही कागदपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावंच लागलं तर काम झाल्यावर दोन्ही बाजूंनी डिलीट करायला सांगायचं. याचा राग येणारे नातेवाईक आहेत. ते आता सवयीचे झालेत.

झेरॉक्स द्यायचीच वेळ आली, तर तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी, कुणाला आणि कुठल्या तारखेला दिली ते लिहायचं, खाली सही. अक्षरं छापील मजकुरावरून गेली पाहिजेत, कोऱ्या जागेत नकोत, नाहीतर कापून टाकता येतात. ही शेवटची सूचना आप्पांची आहे.

या वर्षी कार्तिकीच्या आधी आम्ही सगळे पंढरपूरला गेलो. लॉजच्या काउंटरवर मुलाने चौघांचं आधार मागितलं. आप्पांनी खिशातून मास्क्ड प्रत काढली, पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले. लॉजचं नाव, तारीख, एका रात्रीच्या मुक्कामासाठी. मागे रांग वाढत होती.

“काका, एवढं कशाला लिहिताय? इथे कोण काय करतंय त्याचं?” मुलगा म्हणाला.

“पंच करतोय,” आप्पा म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. त्याने चार प्रती घेतल्या, स्टेपल केल्या आणि काउंटरखालचा ड्रॉवर उघडला. ड्रॉवर झेरॉक्सने इतका भरला होता की तो बंद करायला त्याला गुडघा लावावा लागला.